पाव इंची रणगाड्याची ओळख

रणगाड्यांच्या प्लास्टिक मॉडेलांच्या दुनियेत १:३५ या मापाचं राज्य आहे, आणि ते माप कुणी विचारपूर्वक ठरवलेलं नाही. जपानमधल्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीनं १९६१ साली आपला पहिला प्लास्टिकचा रणगाडा काढला. तो जर्मन पँथर होता. मोटर बसवून तो पळवायचा होता, त्यामुळे पोटात दोन बॅटऱ्या मावणं भाग होतं. बॅटऱ्यांना पुरेल एवढा सांगाडा केला गेला. पँथर धडाक्यात खपला. मग इतर देशांचे रणगाडेही त्याच मापात करावेत असं शुनसाकु तामिया यांच्या मनात आलं. त्यांनी पँथर मोजला, तेव्हा तो मूळ गाडीच्या साधारण पस्तिसाव्या हिश्श्याएवढा भरला. दोन बॅटऱ्यांच्या लांबीरुंदीतून निघालेला हा आकडा पुढे जगभराचा दंडक झाला.

माप रुळलं की त्याच्यामागे अख्खा बाजार उभा राहतो. सैनिकांच्या आकृत्या, रेझिनचे सुटे भाग, कोरीव पितळी पत्रे, पुस्तकांतले आराखडे, सगळं त्याच मापात येतं. त्यातलीच एक वस्तू म्हणजे डेकॅल. पाण्यात भिजवून मॉडेलवर सरकवायची ही पातळ चित्रं असतात. गाडीचा नोंदणी क्रमांक, पलटणीचं चिन्ह, बुरुजावरचा आकडा, आतल्या सैनिकांनी आपल्या रणगाड्याला दिलेलं लाडकं नाव, हे सगळं त्यांवर छापलेलं असतं. किटच्या खोक्यात दोन-तीन गाड्यांपुरती डेकॅल येतात. त्यापलीकडची गाडी करायची असेल, तर तिसऱ्याच कुणीतरी छापलेली शीट वेगळी विकत घ्यावी लागते. तिला आफ्टरमार्केट डेकॅल म्हणतात. १:३५ वाल्यांना अशी शीट हवी तेवढी मिळते. १:४८ मध्ये रणगाडे करणारा मात्र वर्षानुवर्षं वाट पाहत बसतो.

वास्तविक १:४८ चं कूळ १:३५ पेक्षा जुनं आणि सरळ आहे. एका फुटाला पाव इंच धरलं की हे माप येतं. फूटपट्टी आणि कागद घेऊन बसणाऱ्या इंग्रजी मापांच्या देशांतल्या आरेखकाला याहून सोपं माप नाही. अमेरिकेतल्या अरोरा आणि मोनोग्रामसारख्या कंपन्यांनी १९५० च्या दशकात विमानांसाठी ते रुळवलं. अरोरानं याच मापात रणगाडेही काढले. १९७० च्या दशकात जपानच्या बांदाईनं १:४८ ची मोठी रणगाडा-मालिका आणली. त्यात इंजिन आणि आतली बैठकसुद्धा दाखवलेली असे. ती मालिका थांबली आणि या मापातले रणगाडे दुर्मीळ झाले. विमानांचं १:४८ मात्र वाढतच गेलं.

२००३-०४ च्या सुमाराला तामियानं १:४८ च्या लष्करी गाड्यांची नवी मालिका सुरू केली. सुरुवातीच्या बऱ्याच किटांत खालचा सांगाडा धातूचा होता, त्यामुळे हातात घेतल्यावर रणगाड्याचं वजन जाणवे. या मागचा विचार मला आजही पटतो. विमानांचं लाडकं माप १:४८, मग त्या विमानाशेजारी उभी राहील अशी जीप, इंधनाचा ट्रक, धावपट्टी राखणारा रणगाडा त्याच मापात असावा. घरंही लहान, कपाटंही लहान. १:३५ चे चार रणगाडे ठेवायला लागते त्या जागेत १:४८ चे सात सहज बसतात. ज्यांनी एकदा हे माप धरलं, ते सहसा सोडत नाहीत. तेव्हापासून त्यांची एकच मागणी आहे: डेकॅल छापा.

डेकॅलचं स्वतःचं कूळ पाहिलं की ही मागणी जास्तच रास्त वाटते. छापील चित्र कागदावरून उचलून दुसऱ्या पृष्ठभागावर बसवायची कला अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये चिनी मातीच्या धंद्यात वाढली. लिव्हरपूलच्या जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन यांनी १७५६ साली शपथेवर सांगितलं, की आपण दोघांनी सहा तासांत १,२०० टाइल्सवर चित्रं उतरवली. हातानं रंगवणाऱ्या कारागिराला हे स्वप्नातही शक्य नव्हतं. एकोणिसाव्या शतकात रंगीत शिळाछाप आली आणि ही कला बशीवरून फर्निचरवर, घोडागाडीवर, यंत्रावर गेली. आपल्याकडच्या कितीतरी घरांतल्या सिंगरच्या शिलाई मशीनवर काळ्या लोखंडावर सोनेरी नक्षी असते. ती हातानं रंगवलेली नाही, ती डेकॅल आहे. उतरवून वर वॉर्निश दिलेली. दुसऱ्या महायुद्धात खऱ्या विमानांच्या अंगावरच्या बऱ्याच सूचनाही याच पद्धतीनं लावल्या जात. म्हणजे खेळण्यातल्या विमानावर डेकॅल लावणारा मुलगा खऱ्या कारखान्यातल्या कामगाराचंच काम करत होता.

मॉडेलवरच्या डेकॅलची रचना साधी आहे. खाली शोषक कागद, त्यावर पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाचा थर, त्यावर पारदर्शक लाखेचा पातळ पापुद्रा आणि त्यावर शाई. आधी पांढरी शाई पडते, मग तिच्यावर बाकीचे रंग, कारण हिरव्या रणगाड्यावर पिवळा रंग एकटा टाकला तर तो मळकट दिसतो. कोमट पाण्यात अर्धा मिनिट ठेवलं की डिंक सुटतो आणि पापुद्रा बोटानं सरकतो. मॉडेलचा पृष्ठभाग आधी चकचकीत करून घ्यावा लागतो. खरखरीत रंगावर पापुद्र्याखाली हवा अडकते आणि वाळल्यावर तिथे चांदीसारखी चमक दिसते. मग पापुद्रा मऊ करणारं द्रावण लावतात, म्हणजे तो खिळे-सांध्यांवर बसून रंगासारखा दिसतो.

माप लहान होत जातं तशी छपाईची परीक्षा कडक होते. समजा पापुद्रा शंभरांश मिलिमीटर जाड आहे. १:४८ मध्ये त्याचा अर्थ खऱ्या रणगाड्यावर अर्धा मिलिमीटर जाडीचा थर. तेवढं खपून जातं. १:७२ मध्ये तो पाऊण मिलिमीटरच्या जवळ जातो, १:१४४ मध्ये जवळजवळ दीड मिलिमीटर. पलटणीचं ९ इंची चिन्ह १:३५ मध्ये साडेसहा मिलिमीटरचं होतं, १:४८ मध्ये पावणेपाचच्या आसपास. चांगल्या सिल्कस्क्रीन, म्हणजे जाळीतून केलेल्या, छपाईला पावणेपाच मिलिमीटरमध्ये गरुडाची पिसं दाखवणं अजिबात अवघड नाही. इटलीतल्या कार्टोग्राफसारखे छापखाने विमानांवरच्या तांत्रिक सूचना याहून बारीक अक्षरांत वाचता येतील अशा छापतात. त्यामुळे १:४८ मध्ये डेकॅल नसण्याचं कारण तंत्रात शोधू नये.

कारण हिशोबात आहे. स्वतंत्र डेकॅल विकण्याचा धंदा मुख्यत्वे रेल्वे आणि विमानांच्या मॉडेलांवर वाढला. कॅलिफोर्नियातल्या मायक्रोस्केलनं आगगाड्यांच्या डब्यांसाठी आणि विमानांसाठी शीट छापली. ब्रिटनमधल्या मॉडेलडेकॅलनं १९७० च्या दशकात १:७२ च्या विमानांसाठी अभ्यासपूर्ण शीट काढली. या धंद्याचा खर्च कागदात नसतो. तो जुने फोटो शोधण्यात, चिन्ह रेखाटण्यात आणि प्रत्येक रंगासाठी वेगळी जाळी तयार करण्यात असतो. जाळी एकदा लागली की शंभर शीट छापा नाहीतर हजार, सुरुवातीचा खर्च तोच. १:४८ ची शीट १:३५ च्या साधारण निम्म्या कागदात मावते, पण तिची किंमत निम्मी होत नाही. गिऱ्हाईक पाहतो छोटी चिठ्ठी, छापणारा पाहतो लागलेला खर्च, आणि सौदा तिथेच अडतो.

१९९० च्या दशकात जपानच्या आल्प्स कंपनीचे छोटे प्रिंटर बाजारात आले. शाईऐवजी ते मेणाळ रिबन वापरत, आणि घरच्या टेबलावर पांढरा रंग व धातूचे रंग छापू शकत. साध्या इंकजेटला पांढरा छापताच येत नाही, त्यामुळे ही फार मोठी गोष्ट होती. एकेकट्या माणसानं चालवलेल्या कितीतरी डेकॅल कंपन्या या यंत्रावर उभ्या राहिल्या. दहा जणांनी मागितलेलं शीट दहाच प्रतींत छापता येऊ लागलं. अल्पसंख्य मापांना पहिल्यांदा दिलासा मिळाला तो इथे. पुढे त्या यंत्रांचं उत्पादन थांबलं, रिबनही मिळेनाशी झाली. आता पांढऱ्या टोनरचे लेझर प्रिंटर त्यांची जागा घेतात, पण ते महाग आहेत आणि लहान घरगुती धंद्याला सहज परवडत नाहीत.

तोवर १:४८ वाले जुगाड करतात, आणि त्या जुगाडामागे हिशोब असतो. १:३५ च्या शीटवरचा ९ इंची आकडा १:४८ च्या रणगाड्यावर लावला तर तो १२ इंची दिसतो. बुरुजावरचे आकडे वेगवेगळ्या तुकड्यांत वेगवेगळ्या उंचीचे असत, त्यामुळे फोटो नीट पाहून हा बदल खपवता येतो. विमानांच्या १:४८ शीटवरची अक्षरंही कधी उपयोगी पडतात, पण हवाईदलाची अक्षरवळणं आणि सैन्याची वळणं वेगळी. पलटणीच्या चिन्हांना मात्र असा पर्याय नाही. त्यांचं माप ठरलेलं, आकार ठरलेला. तिथे १:३५ चं चिन्ह लावलं तर मडगार्डवर ताट चिकटवल्यासारखं दिसतं.

‘मोठ्या मापाचं चित्र संगणकावर लहान करा आणि छापा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धाच बरोबर आहे. चित्र लहान होतं. पण त्या चित्राला साजेशी गाडी त्या मापात असावी लागते. शर्मन रणगाडा अमेरिकेत सुमारे ४९,००० संख्येनं बनला आणि त्याचे उपप्रकार अनेक. १९४५ मध्ये ब्रह्मदेशात मेक्टिलाच्या मोहिमेत २५५ व्या भारतीय टँक ब्रिगेडमधल्या डेक्कन हॉर्स आणि प्रोबिन्स हॉर्स या रेजिमेंटांकडे शर्मन होते, पण ते एम४ए४ प्रकारचे, लांब सांगाड्याचे. त्यांची चिन्हं एम४ए१ च्या ओतीव, गोलसर सांगाड्यावर लावली तर रणगाडा दिसायला सुंदर होईल आणि इतिहास चुकेल. म्हणून १:४८ साठी डेकॅल काढणाऱ्यानं आधी त्या मापात कोणत्या किट मिळतात याची यादी समोर ठेवावी आणि मगच गाड्या निवडाव्यात. ज्या छोट्या उत्पादकांनी हे केलं त्यांची शीट संपेपर्यंत विकली जातात. ज्यांनी १:३५ चं शीट नुसतं आखडवलं त्यांची पडून राहतात.

मला या मागणीचं महत्त्व वाटतं ते आपल्या सैन्यामुळे. किटच्या खोक्यात जर्मन, अमेरिकन, रशियन चिन्हं हटकून असतात. भारतीय क्वचितच दिसतात. वस्तुतः दुसऱ्या महायुद्धातल्या भारतीय डिव्हिजनांची चिन्हं सहज छापण्याजोगी, ठळक आहेत: ४ थ्या डिव्हिजनचा लाल गरुड, ५ व्या डिव्हिजनचा काळ्या चौकोनातला लाल गोळा. इटलीत लढलेल्या ८ व्या डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन होती. तिचे नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवरच्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तिसऱ्या बटालियनचे यशवंत घाडगे यांना जुलै १९४४ च्या लढाईसाठी तो मरणोत्तर मिळाला. त्या पलटणींच्या जीपांवर आणि ट्रकांवर डिव्हिजनचं चिन्ह एका बाजूला आणि तुकडीचा क्रमांक दुसऱ्या बाजूला रंगवलेला असे. १:४८ मध्ये जीप मिळते, ट्रक मिळतो. चिन्ह मिळत नाही. १९७१ च्या बसंतरच्या लढाईतल्या, पूना हॉर्स रेजिमेंटच्या अरुण खेत्रपाल यांच्या सेंच्युरियन रणगाड्याचं ‘फामागुस्टा’ हे नाव हवं असेल, तर लहान मापात ते बहुधा हातानंच रंगवावं लागतं. चिन्ह नसलं की जीप नुसती जीप राहते. ती मराठ्यांची होती हे कुणाला कळत नाही.

भारतीय चिन्हांचं शीट परदेशातल्या कंपनीनं छापावं अशी वाट पाहण्यापेक्षा इथल्या मॉडेलकारांनी एकत्र येऊन छापून घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. ५० जण आगाऊ पैसे देणार असतील तर पांढऱ्या टोनरवर छापणारा माणूस तयार होतो. त्याला अडचण असते ती खात्रीशीर फोटोंची. अहमदनगरच्या (आताचं अहिल्यानगर) रणगाडा संग्रहालयात जुन्या गाड्या प्रत्यक्ष पाहता येतात, त्यांची मापं आणि घडण समजून घेता येते. पण चिन्हांसाठी त्या काळचेच फोटो हवेत, कारण गाडीवर नंतर पुन्हा रंग चढलेला असू शकतो. असे फोटो सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगडमधल्या माजी सैनिकांच्या घरांत, अल्बममध्ये आणि पत्र्याच्या पेट्यांत असतील. आपल्या आजोबांचा जीपजवळ किंवा रणगाड्याजवळ उभं असतानाचा फोटो तुमच्याकडे असेल, तर तो दोन्ही बाजूंनी स्वच्छ स्कॅन करून ठेवा. मागे लिहिलेलं पलटणीचं नाव, गाव, तारीख पुसू देऊ नका. चेहऱ्याइतकीच गाडीच्या मडगार्डवरची खूण स्पष्ट येईल अशी काळजी घ्या, आणि एक प्रत त्या रेजिमेंटच्या संग्रहालयाकडे पाठवा.