मुनिमाची घाई आणि संगणकाचा पहारा

मंडळी, समजा, देगलूरच्या मोंढ्यात सुगीची गर्दी आहे. ओळखीचा शेतकरी दिसला, की आडत्याचा मुनीम माप होण्याआधीच अंदाजाने पट्टी लिहून टाकतो. अंदाज चुकला तर कागद फाडतो. पण खालच्या कोऱ्या कागदावर लेखणीचा दाब उमटलेला असतो. तो तिरप्या उजेडात कुणीही वाचावा!

संगणकाचा प्रोसेसरही असेच करतो. पुढचे काम अंदाजाने उरकायचे, चुकले तर रद्द करायचे. इंटेलने ही युक्ती १९९५ च्या पेंटियम प्रोमध्ये आणली, आणि वेग वाढला. दाब मात्र उमटत राहिला. तो वाचून एका प्रोग्रामला दुसऱ्याचा पासवर्डही चोरता येतो, हे ३ जानेवारी २०१८ रोजी जगजाहीर झाले. गूगलचे यान हॉर्न, ऑस्ट्रियातील ग्राट्सचे संशोधक आणि इतर काही जणांनी शोधलेल्या या दोषांची नावे मेल्टडाऊन आणि स्पेक्टर.

लिनक्सचा कर्नल म्हणजे यंत्राचा कारभारी. त्याच महिन्यात आलेल्या ४.१५ आवृत्तीत त्याने आपली वही प्रोग्रामांच्या नजरेआड ठेवली. पण मग दर निरोपाला कुलूप काढा, कुलूप लावा! काम मंदावले.

नोव्हेंबर २०१८ मध्ये तर कहर झाला. ४.२० ची तयारी चालू असताना आणखी एक पहारा सर्वांवर बसला, आणि काही कामांचा वेग जवळजवळ निम्म्यावर आला. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी हरकत घेतली : इतका महाग पहारा न विचारता बसवायचा नाही. डिसेंबरात आवृत्ती निघाली तेव्हा तो पहारा मागेल त्याला, आणि मुद्दाम कोंडून चालवलेल्या प्रोग्रामांना, एवढाच उरला. माझ्या मते हा निर्णय रास्तच होता.

जुलै २०१९ च्या ५.२ आवृत्तीत 'मिटिगेशन्स=ऑफ' ही एकच ओळ आली. यंत्र सुरू होताना ती दिली, की असे ऐच्छिक पहारे एकदम उठतात.

गुरुजी, शाळेतला जुना संगणक पाहून तुम्हालाही मोह होईल. फक्त स्वतःचीच आकडेमोड करणारे, बाहेरच्या जाळ्याला न जोडलेले यंत्र असेल तर खुशाल द्या. पण मुले त्यावर इंटरनेट पाहत असतील तर हात लावू नका. प्रत्येक पानाबरोबर परक्याचा प्रोग्राम आत येतो. आणि यंत्र नवे असेल, तर बरेच दोष प्रोसेसरातच दुरुस्त झालेले असतात. तिथे पहारा उठवून वेगात फारशी भर पडत नाही.