आकड्यामागचे मूल

बुद्धिमापन म्हटले की आपल्याला आकडा आठवतो. परंतु या चाचण्यांचा उगम निरीक्षणात आहे. पॅरिसच्या आल्फ्रेड बिने यांनी आपल्या दोन मुलींच्या विचारपद्धतींचा अभ्यास १९०३ साली प्रसिद्ध केला. १९०५ मध्ये सिमाँ यांच्यासह त्यांनी पहिली बुद्धिमापन श्रेणी तयार केली. खोली शांत असावी, मुलाला आपुलकीने वागवावे, असे त्यांनी परीक्षकाला सांगितले होते. १९११ मध्ये बिने वारले. बुद्ध्यंकाची कल्पना स्टर्न यांनी १९१२ मध्ये मांडली.

डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ही चाचणी मराठी व कानडी मुलांसाठी बेतली. त्यांचे पुस्तक १९४० साली निघाले.

तरीही प्रश्न उरतोच. समजा, उरणजवळच्या मोरा बंदरावरचे, घरी आगरी-कोळी बोली बोलणारे एक मूल गप्प राहिले. त्याला उत्तर येत नाही, भीती वाटते, की प्रश्नातला शब्दच अनोळखी आहे? गुण तिन्ही वेळा शून्यच!

म्हणून उत्तराशेजारी आपण वागणेही टिपावे. मात्र ‘घाबरले’ असा निष्कर्ष न लिहिता ‘खाली पाहिले, बोटे चोळली’ असे दिसले ते लिहावे. मग तोच प्रश्न मुलाच्या बोलीत विचारून पाहावा. शून्याचा अर्थ तेव्हा कळू लागेल.