परक्या शहरातला आपला मोहल्ला
अमेरिकेतील अरब वस्त्यांची कहाणी



घर सोडून परमुलखात गेलेला माणूस पहिल्या दिवशी काय शोधतो? काम शोधतो, हे खरेच; पण त्याही आधी तो ओळखीचा आवाज शोधतो. आपली भाषा बोलणारा दुकानदार, आपल्या चवीचा घास, प्रार्थनेपुरती जागा आणि चार गोष्टी समजावून सांगणारा कोणी वडीलधारा एवढे मिळाले, की परके शहर थोडे कमी परके वाटते. कोकणातून मुंबईस आलेल्या चाकरमान्यांसाठी गावकऱ्यांची खोली होती. गोव्याहून आलेल्यांसाठी धोबीतलावाच्या बाजूस गावागावाचे कूड होते. आपल्या घरातील कोणी आखातात गेले असेल, तर हा शोध त्यालाही चुकलेला नाही.

परंतु अरब माणूस स्वतःच परदेशी गेला तेव्हा त्याने आपला मोहल्ला कोठे शोधला, याचा विचार आपण सहसा करीत नाही. अरब म्हटला की ज्याच्या दारी नोकरीसाठी जायचे तो, असेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी हजारो अरब कुटुंबेच पोटासाठी घराबाहेर पडत होती. त्यांची ही कहाणी आपण सर्वांनी, विशेषतः ज्यांची मुले उद्या दूरच्या शहरी शिकायला वा कमवायला जाणार आहेत त्यांनी, समजून घेण्यासारखी आहे.

आजचे सीरिया, लेबनॉन, जॉर्डन व पॅलेस्टाईन हा सारा मुलूख त्या काळी उस्मानी साम्राज्यात होता आणि बाहेरचे लोक त्याला सरसकट ‘सीरिया’ म्हणत. लेबनॉनच्या डोंगराळ भागात रेशमाचे उत्पादन हा मोठा आधार होता. रेशमाचे भाव घसरले, जमिनी अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा १८८० नंतर तरुणांचे लोंढे बैरूतच्या बंदरातून अमेरिकेकडे निघाले. न्यूयॉर्कला जहाज लागे. १८९० पर्यंत आगतांची तपासणी मॅनहॅटनच्या दक्षिण टोकावरील कॅसल गार्डनमध्ये होई. १ जानेवारी १८९२ पासून ती एलिस बेटावर होऊ लागली. डोळ्यांत खुपऱ्यांचा रोग आढळला, तर माणसाला परत पाठवीत. त्यातून जो सुटे, तो धक्क्यापासून काही मिनिटे चालत वॉशिंग्टन स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर येई. तेथे दुकानांवर अरबी पाट्या होत्या, कॉफीचा वास होता, हुक्क्याची गुडगुड होती. या वस्तीला लोक ‘लिटल सीरिया’, म्हणजे छोटा सीरिया, म्हणू लागले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या वस्तीतील बहुसंख्य लोक ख्रिस्ती होते. मॅरोनाइट, मेल्काइट आणि ऑर्थोडॉक्स अशा त्यांच्या निरनिराळ्या शाखा होत्या. मुसलमान थोडे होते. तरीही अरबी भाषा, तेच खाणे, तीच आदरातिथ्याची रीत यांमुळे नवागताला रस्ता ओळखीचा वाटे. मोहल्ला हा नुसत्या धर्माचा नसतो. भाषेचा, चवीचा आणि शेजारधर्माचाही असतो. तसेच त्या इमारतींत आयरिश आणि इतर देशांतून आलेली गोरगरीब कुटुंबेही राहत होती. हा सारा रस्ता एकाच समाजाचा कधीच नव्हता.

हा मोहल्ला नवागताला आधार कसा देई, तेही पाहण्यासारखे आहे. भांडवल नाही, इंग्रजी येत नाही, अशा माणसाला व्यापारी उधारीवर माल देत. सुया, दोरा, गुंड्या, लेस, जेरुसलेमहून आलेल्या जपमाळा असा माल गाठोड्यात बांधून तो फेरीवाला खेडोपाडी निघे. त्या गाठोड्याला अरबीत ‘कश्शा’ म्हणत. दारोदार फिरता फिरता तो इंग्रजी शिके, माल खपला की परत येऊन हिशेब चुकता करी आणि पुन्हा गाठोडे भरी. पुढे यांतल्या अनेकांनी स्वतःची दुकाने थाटली. बायकाही मागे नव्हत्या. कित्येक जणी स्वतः गाठोडे घेऊन फिरल्या, कित्येक जणी लेस आणि कपड्यांच्या कारखान्यांत राबल्या. ‘द प्रॉफेट’ या १९२३ च्या पुस्तकाने जगभर गाजलेले खलील जिब्रान हे बारा वर्षांचे असताना, १८९५ साली, आईबरोबर अमेरिकेत बोस्टनला आले. त्या माउलीने फेरीचा धंदा करूनच संसार सावरला होता.

पण उधारी आणि कॉफी एवढ्यावरच ही वस्ती थांबली असती, तर आज तिची आठवण कोणी काढली नसती. १८९२ साली न्यूयॉर्कमध्ये ‘कौकब अमेरिका’ हे अमेरिकेतील पहिले अरबी वृत्तपत्र निघाले. १८९८ साली नऊम मुकर्झल यांनी फिलाडेल्फियात ‘अल हुदा’ सुरू केले व काही वर्षांनी ते न्यूयॉर्कला आणले. अरबी अक्षर शब्दाच्या आरंभी, मध्ये व शेवटी निरनिराळे रूप घेते, त्यामुळे खिळे जुळवणे हे फार वेळखाऊ काम होते. १९१० च्या सुमारास नऊम यांचे बंधू सल्लूम मुकर्झल यांनी लायनोटाइप यंत्र अरबीसाठी जुळवून घेतले आणि अरबी छपाई सोपी व स्वस्त झाली. याच ‘अल हुदा’तून अफीफा करम ही तरुण लेखिका स्त्रियांच्या शिक्षणाबद्दल आणि त्यांच्या हक्कांबद्दल निर्भीडपणे लिहू लागली. १९०६ साली तिची अरबी कादंबरी प्रसिद्ध झाली. विद्यार्थिनींनी हे नाव अवश्य लक्षात ठेवावे.

अमीन रिहानी हा मुलगा १८८८ साली लेबनॉनमधील फ्रैका गावातून आला. वॉशिंग्टन स्ट्रीटवरील एका तळघरातील दुकानात तो हिशेब लिही आणि फावल्या वेळात इंग्रजी ग्रंथ वाची. १९११ साली त्याची ‘द बुक ऑफ खालिद’ ही कादंबरी निघाली. अरब लेखकाने इंग्रजीत लिहिलेली ती पहिली कादंबरी मानली जाते. तिचे नायकही तळघरातच राहतात. १९२० साली जिब्रान, मिखाईल नुऐमा आदी लेखकांनी न्यूयॉर्कमध्ये ‘अर राबिता अल कलमिया’ म्हणजे लेखणीचा संघ बळकट केला. अरबी साहित्याला नवे वळण देणाऱ्यांत या परदेशस्थ मंडळींचा वाटा मोठा आहे. गाठोडे वाहणाऱ्यांच्या वस्तीतून हे घडले, याचे कारण तेथे छापखाना होता आणि वाचणारा वर्गणीदार होता.

वाचकहो, ओळखीचा मोहल्ला मिळाला म्हणजे सर्व प्रश्न सुटले, असे मात्र समजू नका. गल्लीत सलाम करणारे पुष्कळ असले, तरी देशाच्या कायद्याने तुम्हांला आपले मानले पाहिजे. अमेरिकेत १७९० च्या कायद्यापासून बाहेरून आलेल्यांपैकी ‘गोऱ्या’ माणसालाच नागरिक होता येई. पुढे त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. मग अरब गोरा की नाही? १९१४ साली दक्षिण कॅरोलायनातील एका न्यायाधीशाने ‘नाही’ म्हटले. सीरियन समाज खटल्यामागे उभा राहिला आणि १९१५ साली वरिष्ठ न्यायालयाने त्या सीरियन गृहस्थाला नागरिकत्व दिले. भारतीयांच्या वाट्याला हे आले नाही. १९२३ साली भगतसिंग थिंड यांचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. १९४२ साली मिशिगनमध्ये एका येमेनी मुसलमानाला तो गोरा नाही म्हणून नागरिकत्व नाकारले गेले. दोनच वर्षांनी मॅसॅच्युसेट्समध्ये दुसऱ्या एका अरबाला ते मिळाले. शेवटी १९५२ च्या कायद्याने वंशाची ही अट गेली. १९२४ च्या कायद्याने तर नव्या लोकांचे येणेच जवळजवळ बंद करून टाकले होते.

वॉशिंग्टन स्ट्रीटचा शेवट कसा झाला? मॅनहॅटन आणि ब्रुकलिन यांना जोडणारा बोगदा बांधायचे ठरले. १९४० साली काम सुरू झाले आणि त्याच्या तोंडाशी येणारी घरे-दुकाने पाडली गेली. १९५० साली बोगदा वाहतुकीस खुला झाला. आज त्या रस्त्यावर वस्तीच्या खुणा म्हणून सेंट जॉर्ज चर्चची इमारत, शेजारचे समाजगृह आणि एक चाळवजा घर एवढेच उरले आहे. परंतु समाज विस्कटला नाही. अनेक कुटुंबे आधीच नदीपलीकडे ब्रुकलिनला अटलांटिक ॲव्हेन्यूच्या परिसरात गेली होती. दुकाने त्यांच्या मागोमाग गेली. १८९५ साली वॉशिंग्टन स्ट्रीटवर सुरू झालेल्या सहादी घराण्याच्या किराणा व्यापाराची पुढची शाखा १९४८ साली अटलांटिक ॲव्हेन्यूवर आली. नंतर आलेल्या येमेनी लोकांना अटलांटिक ॲव्हेन्यूवर अरबी बोलणारे बाजारपेठेचे जग तयारच मिळाले.

आता न्यूयॉर्क सोडून मिशिगन राज्यातील डिअरबॉर्न येथे येऊ. येथील कहाणी कारखान्याची आहे, आणि येथे मुसलमान संख्येने अधिक आहेत. १९१४ साली हेन्री फोर्ड यांनी रोज ५ डॉलर मजुरी जाहीर केली, तेव्हा डेट्रॉईटशेजारच्या हायलँड पार्क येथील कारखान्याकडे अरब कामगारही आले. १९२१ साली तेथे मशीदही उभी राहिली. पुढे फोर्डचा प्रचंड कारखाना डिअरबॉर्नला रूज नदीकाठी उभा राहिला आणि कामगारही तिकडे सरकले. भट्ट्यांच्या धुराखाली, डिक्स रस्त्याच्या आसपास, लेबनीज, येमेनी आणि पॅलेस्टिनी कामगारांची वस्ती झाली. १९३० च्या दशकात तेथे मशीद बांधली गेली.

ही वस्तीही एकदा पुसली जाणार होती. नगरपालिकेने नूतनीकरणाच्या नावाखाली घरे विकत घेऊन पाडण्यास आरंभ केला; त्या जागी कारखाने हवे होते. रहिवासी एकत्र आले आणि १९७१ साली न्यायालयात गेले. १९७३ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. शेकडो घरे गेली होती, पण उरलेली वस्ती वाचली. याच १९७१ साली काही स्वयंसेवकांनी एका दुकानवजा जागेत ‘ॲक्सेस’ ही संस्था काढली. अर्ज भरून देणे, इंग्रजी शिकवणे, दवाखान्याचा रस्ता दाखवणे, अशी साधीसुधी कामे तिने हाती घेतली. २००५ साली डिअरबॉर्नमध्ये अरब अमेरिकनांचे राष्ट्रीय संग्रहालय उघडले, तेही याच संस्थेच्या प्रयत्नातून.

१९७५ साली लेबनॉनमध्ये यादवी पेटली. जीव वाचवून आलेल्या कुटुंबांना डिअरबॉर्नमध्ये मशिदी, नातलग आणि हलाल खाटीक आधीच सापडले. वॉरेन ॲव्हेन्यूवरील ओस पडलेली दुकाने या नव्या लोकांनी पुन्हा उघडली. बेकऱ्या, मिठाईची दुकाने, भोजनालये यांनी रस्ता भरून गेला. शहराला मात्र हे सहज पचले नाही. १९८५ च्या महापौरपदाच्या निवडणुकीत एका उमेदवाराने ‘अरबांची समस्या’ असा शब्द छापून पत्रके वाटली आणि तो निवडूनही आला. त्याच शहरात २०२१ साली लेबनीज कुटुंबात जन्मलेला अब्दुल्ला हम्मूद महापौर म्हणून निवडला गेला. २०२० च्या जनगणनेत शहराच्या सुमारे १ लाख १० हजार लोकसंख्येत निम्म्याहून अधिक लोकांनी आपले मूळ मध्यपूर्व वा उत्तर आफ्रिकेतील असल्याचे नोंदवले.

ही छत्तीस वर्षे मधल्या काळात काय करीत होती? शाळा भरत होत्या. १९७० च्या दशकात तेथील सरकारी शाळांत अरबी मुलांसाठी द्वैभाषिक वर्ग आले, म्हणजे इंग्रजी येईपर्यंत मूल मागे पडू नये. कामगारांची मुले वकील, डॉक्टर, शिक्षक झाली. पालक शाळेच्या सभांना जाऊ लागले, मतदार म्हणून नाव नोंदवू लागले. मुलांनी अरबी टिकवली आणि इंग्रजीही पक्की केली. रमजान उन्हाळ्यात आला तेव्हा फोर्डसन हायस्कूलच्या फुटबॉल संघाचा सराव रात्री ठेवण्यात आला, कारण खेळाडूंतील बहुतेक मुले रोजा धरणारी होती. कोणाला रोजा सोडावा लागला नाही आणि कोणाला संघही सोडावा लागला नाही.

पालकांनो, आपली मुले उद्या परगावी किंवा परदेशी जातील, तेव्हा तीही ओळखीचा मोहल्ला शोधतील. शोधू द्यावी, त्यात कमीपणा नाही. पण तो मोहल्ला आपोआप तयार झालेला नसतो. त्यांच्याआधी पोचलेल्या कोणीतरी उधारी दिलेली असते, वृत्तपत्राची वर्गणी भरलेली असते, न्यायालयाच्या पायऱ्या चढलेल्या असतात आणि शाळेच्या सभेत उभे राहून प्रश्न विचारलेला असतो. रस्ता बोगद्यात गेला तरी वॉशिंग्टन स्ट्रीटची माणसे टिकली, ती या कामांमुळे.

विद्यार्थीमित्रांनो, तुम्ही नव्या शहरात उतराल तेव्हा तुमच्या मागून येणाराही कोणी असेल. त्याला खोलीचा पत्ता तर सांगाच. पण त्याचबरोबर त्या शहराची भाषा, तेथील ग्रंथालयाची वाट आणि अर्ज कसा भरायचा हेही शिकवा. वॉशिंग्टन स्ट्रीटच्या व्यापाऱ्याने नवख्या माणसाच्या हाती गाठोडे दिले आणि त्याला शहराबाहेरच्या खेड्यांकडे पाठवले. गल्लीतच बसवून ठेवले नाही.