कुलपाची अब्रू

कुलूप चोरासाठी नसते, सावासाठी असते, असे आमची वडील माणसे म्हणत. दाराला कडी लावावी, कोयंड्यात कुलूप अडकवावे, दोनदा ओढून पाहावे आणि किल्ली कोनाड्यात किंवा तुळशीवृंदावनाच्या आड ठेवून निर्धास्तपणे परगावी निघावे, ही रीत आमच्याकडील पुष्कळ घरांतून चालत आलेली होती. किल्लीची जागा आळीतील चार घरांस ठाऊक असे. तेव्हा घराची राखण वास्तविक शेजार करीत असे. कुलूप नुसते साक्षीला असे. परंतु शेजार बाजारात विकता येत नाही, कुलूप विकता येते. म्हणून गेल्या दोन-अडीचशे वर्षांत कारखानदारांनी शेजाराची थोरवी न गाता कुलपाची गायिली, आणि आपला माल उघडील असा वीर अजून जन्मास यावयाचा आहे, अशी ग्वाही दिली. या ग्वाहीचे पुढे काय झाले, हा इतिहास करमणुकीचा तर आहेच. परंतु आपली पत्रे, पैसे आणि पुस्तके संगणकाच्या कुलपात जाऊन बसली असताना तो उपयोगाचाही आहे. म्हणून तो वाचकांपुढे थोडक्यात ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

जोसेफ ब्रामा हा १७४८ साली इंग्लंडात यॉर्कशायर परगण्यात एका शेतकऱ्याच्या घरी जन्मला. पायास इजा झाल्यामुळे शेती सुटली, तेव्हा तो सुतारकाम शिकला आणि लंडनास येऊन राहिला. १७७८ साली त्याने शौचकूपाच्या सुधारलेल्या रचनेचे पेटंट घेतले आणि १७८४ साली कुलपाचे घेतले. या कुलपाची किल्ली म्हणजे एक लहानशी नळी असे, आणि तिच्या तोंडाशी कमीजास्त खोलीच्या खाचा असत. किल्ली आत दाबली की प्रत्येक खाच कुलपातील एकेका पट्टीस आपापल्या मापाइतकी मागे ढकलते. सर्व पट्ट्या एकाच वेळी नेमक्या जागी आल्या तरच आतील नळकांडे फिरते. एखादी केसभर पुढे-मागे राहिली तर कुलूप ढिम्म हलत नाही. अशा १८ पट्ट्यांचे एक कुलूप ब्रामाच्या पिकॅडिली रस्त्यावरील दुकानाच्या खिडकीत मांडलेले असे. जो कारागीर हे उघडणारे हत्यार करून दाखवील त्यास तत्काळ २०० गिनी मिळतील, असा मजकूर त्यावर होता. गिनी म्हणजे २१ शिलिंग. हे आव्हान अर्धशतकभर तसेच राहिले, आणि कोणी न उघडलेले कुलूप म्हणजे कोणास न उघडणारे कुलूप, असे लोक समजू लागले. या दोन गोष्टींत जे अंतर आहे त्यावरच पुढील सारी कथा उभी आहे.

हे कुलूप इतके नाजूक मापाचे होते की हाताने घडविणे फार खर्चाचे पडे. त्याचे भाग यंत्राने कापण्याची हत्यारे ज्याने तयार केली तो हेन्री मॉडस्ली १८ वर्षांचा असताना ब्रामाकडे कामास लागला होता. खिडकीतील ते कुलूपही त्याच्याच हातचे, असे सांगतात. पुढे तो कारखान्याचा मुख्य कारागीर झाला. १७९७ साली त्याने आठवड्याच्या ३० शिलिंगांवर वाढ मागितली. मालकाने ती नाकारली. मॉडस्लीने नोकरी सोडून स्वतःचा कारखाना काढला आणि तो इंग्लंडातील यंत्रविद्येचा एक आद्य गुरू ठरला. कारखान्याचे सर्वांत मोलाचे रहस्य असे स्वतःच्या पायांनी दरवाजाबाहेर गेले. त्यास अडविण्यास १८ पट्ट्या पुरल्या नाहीत. थोड्या शिलिंगांनी कदाचित काम भागले असते.

रहस्य आणि नक्कल यांविषयी त्या काळच्या कल्पकांची मते मोठी सोयीची होती. वाफेच्या यंत्राकरिता प्रसिद्ध असलेल्या जेम्स वॉटने १७८० साली पत्रांची नक्कल काढण्याच्या दाबयंत्राचे पेटंट घेतले. विशिष्ट शाईने लिहिलेल्या पत्रावर ओलसर पातळ कागद दाबावयाचा. शाई त्यावर उलटी उमटे आणि कागदाच्या पाठीमागून ती सुलटी वाचता येई. लंडनच्या पेढीवाल्यांनी ओरड केली, की या यंत्राने बनावट कागदपत्रांचा सुळसुळाट होईल. वॉटने ती मनावर घेतली नाही. पत्रांची नक्कल काढण्यात त्यास दोष दिसत नव्हता. मात्र त्याच्या वाफेच्या यंत्राची नक्कल झाल्याचा संशय येताच तो न्यायालयात धावला. त्याचे १७६९ चे पेटंट पार्लमेंटने १७७५ साली खास कायदा करून १८०० पर्यंत वाढवून दिले होते. हॉर्नब्लोअर यांच्याशी चाललेल्या खटल्यात वॉटच्या विरुद्ध बाजूने साक्ष देण्यास उभा राहिला तो आमचा ब्रामा! वॉटने पेटंटात आपल्या यंत्राचे वर्णन इतके मोघम केले आहे की त्यावरून कोणा कारागिरास ते बनविता येणार नाही, अशी त्याची तक्रार होती, आणि ती त्याने न्यायाधीशांस उद्देशून १७९७ साली पत्ररूपाने छापूनही काढली. आपले पेटंट हे बुद्धीचे बक्षीस आणि दुसऱ्याचे पेटंट ही मक्तेदारी, हा न्याय तेव्हापासून चालत आलेला आहे. हाच ब्रामा पुढे १८०६ साली बँक ऑफ इंग्लंडच्या नोटांवर अनुक्रमांक छापण्याचे यंत्र तयार करतो, हे पाहून वाचकांस हसू आल्यास आमची हरकत नाही.

ब्रामास प्रतिस्पर्धी मिळाला तो चब. १८१७ साली पोर्ट्समथच्या सरकारी गोदीत खोट्या किल्ल्यांनी चोरी झाली, तेव्हा सरकारने चांगल्या कुलपासाठी बक्षीस लावले, आणि १८१८ साली जेरेमाया चब याने ते मिळविले. त्याच्या कुलपाचा विशेष असा, की कोणी भलत्या हत्याराने खटपट केली तर आतील एक पट्टी वर जाऊन अडकून बसे. मग खरी किल्लीही चालत नसे आणि मालकास चाहूल लागे. धंद्याने कुलूपवाला असलेल्या एका कैद्यास, हे उघडल्यास शिक्षा माफ आणि वर १०० पौंड, असे सांगून बसविले. त्याने काही महिने डोके फोडून हात टेकले. आम्हास चबची कल्पना ब्रामाच्या पाटीपेक्षा अधिक सभ्य वाटते. आपल्यावर कधीच घाला पडणार नाही असे ते कुलूप म्हणत नाही. पडल्यास सांगेन, एवढेच म्हणते.

१८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये जगातील उद्योगांचे मोठे प्रदर्शन भरले. अमेरिकेतील ‘डे आणि नेवेल’ या कंपनीची कुलपे घेऊन आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज नावाचा गृहस्थ तेथे आला आणि चबची कुलपे आपण उघडू शकतो, असे बोलू लागला. २२ जुलै रोजी वेस्टमिन्स्टर भागातील एका घरी, साक्षीदारांसमक्ष, त्याने चबचे कुलूप २५ मिनिटांत उघडले आणि थोड्याच वेळात जसेच्या तसे बंदही करून दाखविले. त्यानंतर तो पिकॅडिलीतील आव्हानाकडे वळला. ब्रामा १८१४ सालीच निवर्तला होता. कंपनी त्याचे वारस चालवीत होते. तीन पंच नेमले, ३० दिवसांची मुदत ठरली, आणि १६ दिवसांत मिळून ५१ तास काम करून हॉब्जने ते कुलूप उघडले. कंपनीने कुरकुर केली: त्याने हत्यारे कुलपाशी पक्की बसवून घेतली होती, इतका निवांतपणा कोणत्या चोरास मिळतो? आक्षेप खोटा नव्हता. पण पाटीवर चोराचा शब्द नव्हता, कारागिराचा होता, आणि वेळेची अट तर मुळीच नव्हती. पंचांनी निकाल हॉब्जच्या बाजूने दिला व कंपनीस २०० गिनी मोजाव्या लागल्या.

आता खरा वाद पेटला. कुलूप कच्चे निघाले याचा राग लोकांस कुलपावर यावयाचा, तो पुष्कळांस हॉब्जवर आला. असल्या गोष्टी चव्हाट्यावर मांडणे म्हणजे चोरांची शाळा काढणे होय, असे म्हणण्यात आले. चार्ल्स टॉमलिन्सन याने संपादिलेल्या आणि मुख्यतः हॉब्जच्या माहितीवर आधारलेल्या १८५३ च्या एका पुस्तकात या आक्षेपास उत्तर आहे. त्याचे तात्पर्य असे, की चोर आपल्या धंद्यात आळशी नसतो. त्यास हे ज्ञान आधीच असते. अज्ञानात राहतो तो कुलूप विकत घेणारा, आणि नुकसानही त्याचेच होते. आमच्या मते या उत्तरात आजवर काही उणे निघालेले नाही.

तथापि हॉब्जला साधुपुरुष समजण्याचे कारण नाही. तोही दुकानदारच होता. इंग्रजी कुलपांची अब्रू घेतल्यावर १८५२ साली त्याने लंडनातच आपली कंपनी काढली. ज्या नेवेलच्या कुलपाचा डांगोरा पिटीत तो आला होता, ते कुलूप पुढे अमेरिकेतील लायनस येल याने उघडून दाखविले. आणि हॉब्जने काढलेली कंपनी १९५६ साली विकत घेतली, ती चबच्या कंपनीने! दोष दाखविणारा निःस्वार्थी नसतो, एवढे यावरून सिद्ध होते. दोष नव्हता असे सिद्ध होत नाही.

या वादातून निघालेले तत्त्व पुढे एका भाषापंडिताने सूत्ररूपास आणिले. ऑग्युस्त केर्कहॉफ्स या पॅरिसवासी अध्यापकाने १८८३ साली लष्करी सांकेतिक लेखनावर लिहिताना सांगितले, की पद्धती शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये. गुप्त राहावयाची ती फक्त किल्ली. आजचे संकेतशास्त्र याच पायावर उभे आहे. त्यातील चांगली कुलपे सर्व जगापुढे उघडी मांडलेली असतात, आणि पुष्कळ पंडितांनी वर्षानुवर्षे फोडण्याचा यत्न करून ती फुटली नाहीत म्हणूनच लोक ती वापरतात.

आमच्याकडे हा उद्योग नावारूपास आणिला तो अर्देशीर गोदरेज यांनी. १८९७ साली त्यांनी मुंबईस लालबागेत कुलपे घडविण्यास आरंभ केला. पुढे गोदरेजचे कपाट हा मराठी संसाराचा असा काही भाग झाला की ज्या कपाटावर दुसऱ्याच कोणाचे नाव आहे त्यासही लोक गोदरेजच म्हणतात. हे पोलादी कपाट काटेकोरपणे बंद करून त्याची किल्ली त्याच्याच माथ्यावरील डब्याखाली ठेवणारी कुटुंबे आमच्या पाहण्यात आहेत. केर्कहॉफ्सने ती पाहिली असती तर त्यास आणखी एक सूत्र सुचते.

परंतु हसण्याचा मान एकट्या गृहस्थाकडे का असावा? अमेरिकेत विमानप्रवासाच्या पेट्यांसाठी अशी कुलपे निघाली, की तपासनीसांजवळील ठरावीक किल्ल्यांनी ती सारी उघडावीत. २०१४ साली ‘वॉशिंग्टन पोस्ट’ पत्रात त्या किल्ल्यांचे छायाचित्र छापले गेले, आणि पुढल्याच वर्षी त्यावरून कोणासही यंत्रावर किल्ली तयार करता येईल असे नमुने जगभर पसरले. एक किल्ली सर्वांसाठी केली की तिची एक नक्कलही सर्वांसाठी पुरते. याहून नामी प्रकार २००५ सालचा. सोनी-बीएमजी या कंपनीने गाण्यांची नक्कल होऊ नये म्हणून आपल्या तबकड्यांत एक आज्ञावली घातली. ती गिऱ्हाइकाच्या संगणकात लपून बसे आणि इतकी बेमालूम लपे, की तिच्या आडोशास दुसऱ्यांच्या घातक आज्ञावलीही लपू लागल्या. एका जाणत्याने हे उघडकीस आणिले, बोभाटा झाला, आणि कंपनीस तबकड्या परत घ्याव्या लागल्या. मौज अशी, की नक्कल रोखणाऱ्या त्या आज्ञावलीतच, इतरांनी अटींवर मुक्तपणे दिलेल्या लेखनाचे तुकडे, अटी न पाळता उतरून घेतलेले आढळले! आपल्या तिजोरीच्या रक्षणार्थ त्या कंपनीने गिऱ्हाइकाच्या घराची कडी काढून ठेविली होती. वॉट आणि ब्रामा यांचा सोयीचा न्याय अद्याप चालू आहे, तो असा.

तेव्हा मोठमोठ्या कंपन्या सुरक्षिततेची हमी देऊ लागल्या म्हणजे सामान्य गृहस्थाने काय करावे? कुलूप फुटते का, हा प्रश्न फारसा कामाचा नाही. पुरेसा वेळ मिळाला तर बहुतेक फुटतात. हे फोडून कोणी पाहिले आहे काय, फुटल्यास ते आम्हास कळणार काय, आणि फोडून दाखविणाऱ्यास तुम्ही बक्षीस देणार की वकिलाची नोटीस, हे तीन प्रश्न विचारावे. जी कंपनी तिसऱ्या प्रश्नावर अडखळते तिच्या हवाली आपल्या घराची किल्ली करणे आम्हास प्रशस्त वाटत नाही.

पिकॅडिलीतील ते कुलूप आता लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे. ते उघडले गेले म्हणून ब्रामाच्या कंपनीचे दिवाळे निघाले नाही. तिचे नाव पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ टिकले. ५१ तास कसलेल्या कारागिरास घाम फोडणारे कुलूप कोणत्याही घरास पुरेसे आहे, हे लोकांस कळून चुकले होते. आधी कळले नव्हते ते एवढ्याचसाठी, की तोवर त्यांच्यापुढे नुसती पाटी होती.