तीन शाहीर, एक डफ आणि आमची भांडणे



गिरणीच्या फाटकावर दोन विषयांवरून हमखास भांडण होई. एक बोनस आणि दुसरा शाहीर. बोनसचा निकाल कधी तरी लागे, निदान तडजोड तरी होई. शाहिरांचा मात्र अद्याप लागलेला नाही. अण्णाभाऊ साठे मोठे की अमर शेख मोठे? ज्याने शब्द लिहिले त्याचे ते गाणे, की ज्याने मैदान हलवले त्याचे? युनियनच्या कचेरीत चहाचे कप पुढ्यात ठेवून म्हाताऱ्या कामगारांना या प्रश्नावर हमरीतुमरीवर आलेले मी पाहिले आहे.

बार्शीकराला या वादात तटस्थ राहणे अवघड, कारण अमर शेख आपल्या गावचे. २० ऑक्टोबर १९१६ रोजी येथे एका गरीब मुसलमान घरात मेहबूब हुसेन पटेल या नावाचा जो मुलगा जन्मला, तोच पुढे अमर शेख झाला. आई मुनेरबी, लोकगीतांचा ठेवा त्याला तिच्याकडून मिळाला. त्याने पोटासाठी मोटारीवर क्लीनरचे काम केले, गिरणीत काम केले, संपात उडी घेतली आणि विसापूरचा तुरुंग पाहिला. तेथे कॉम्रेड रघुनाथ कऱ्हाडकर भेटले आणि आयुष्याची दिशा ठरली. पुढे कोल्हापूरला मास्टर विनायकांच्या स्टुडिओत असताना 'अमर शेख' हे नाव रूढ झाले. हे सारे अभिमानाने सांगावे असे आहे. परंतु गावाचा अभिमान ही वादात हलक्या दर्जाची साक्ष असते, हेही मी प्रथमच कबूल करतो.

असली भांडणे महाराष्ट्राला नवी नाहीत. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांच्यावरून घराघरांत दोन तट होते. एकाची गंधर्व नाटक मंडळी, दुसऱ्याची ललितकलादर्श. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत दोघे 'मानापमान' नाटकात एकत्र उभे राहिले. भामिनी बालगंधर्वांची, धैर्यधर केशवरावांचा. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला केशवराव गेले आणि वाद सुटण्याऐवजी कायमचा झाला. त्या रात्री कोण सरस ठरला, हे सांगणारे पुढे पन्नास वर्षे भेटत राहिले. प्रत्यक्ष हजर असलेल्यांपेक्षा त्यांची संख्या जास्त असावी, असा मला संशय आहे.

आता लाल बावटा कलापथकाकडे येऊ. १९४४ साली अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर या तिघांनी ते उभे केले. अण्णाभाऊ वाटेगावचे, वारणेच्या खोऱ्यातले. जन्म १ ऑगस्ट १९२०. शाळा जवळजवळ नाहीच. शिक्षण मुंबईच्या गिरण्यांत, चाळींत आणि मोर्च्यांत झाले. स्टालिनग्राडचा पोवाडा त्यांचा, बंगालच्या दुष्काळावरचे लेखनही त्यांचे. गव्हाणकर स्वतः शाहीर आणि लेखक. आमच्या भांडणात त्यांचे नाव नेहमी तिसरे येई आणि बहुधा कोणी वाक्य पुरे करीत नसे. हा अन्याय आहे. तीन पायांच्या तिवईतला कोणता पाय कमी महत्त्वाचा, हे तो काढून पाहिल्याशिवाय कळत नाही.

अण्णाभाऊंची 'माझी मैना' ही छक्कड घ्या. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली ही रचना. शब्द अण्णाभाऊंचे, पण घराघरांत पोहोचली ती अमर शेखांच्या आवाजाने. मग ती कोणाची? एक निवृत्त साचेवाले मामा म्हणत, "सूत कुणाचंबी असू द्या, कापड विणणाऱ्याचं." त्यावर समोरचा जॉबर उसळून म्हणे, "मामा, सुताबिगर तुमचा साचा नुसता खडखडाट करील!" माझा कल जॉबरकडे आहे. गाणारा दुसरा मिळता, कदाचित कमी ताकदीचा. पण वियोगाच्या शृंगारी गाण्यातून बेळगाव-कारवारचे दुःख बोलून दाखवण्याची कल्पना दुसऱ्या कोणाला सुचली असती, असे मला वाटत नाही. मामा आज हयात नाहीत, म्हणून हे निर्धास्तपणे बोलतो.

याहून कडवी चढाओढ दोन पथकांत होती. एकीकडे आमचे लाल बावट्याचे, दुसरीकडे राष्ट्र सेवा दलाचे. सेवा दलाकडे वसंत बापटांसारखा कवी होता आणि पु. ल. देशपांडे यांनी 'पुढारी पाहिजे' हे वगनाट्य त्यांच्यासाठीच लिहिले. आमचे लोक म्हणत, ती मध्यमवर्गीयांची गाणी. ते म्हणत, तुमची गाणी मॉस्कोहून येतात. दोन्ही टोमणे खोटे होते, पण त्यांच्या मुळाशी खरी जखम होती. १९४२ साली कम्युनिस्ट पक्षाने युद्धाला लोकयुद्ध म्हटले आणि 'चले जाव' लढ्यापासून तो दूर राहिला. सेवा दलाच्या तरुणांना हे विसरणे शक्य नव्हते. मी याच चळवळीत वाढलो, तरी मला वाटते की त्या वर्षी लोकांची नाडी आमच्या पक्षाच्या हाती लागली नाही. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली, डांगे आणि एस. एम. एका व्यासपीठावर बसले आणि दोन्हीकडच्या शाहिरांना एकच विषय मिळाला.

आता या मंडळींच्या इतर उद्योगांविषयी, कारण सर्वांत जास्त कुरकुर त्याविषयीच ऐकू येते. "अण्णाभाऊ कादंबऱ्यांत शिरले आणि डफ थंड पडला", "अमर शेखांना सिनेमा कशाला हवा होता?" वगैरे. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली, पथकाच्या कार्यक्रमांना मनाई होऊ लागली. तमाशाचे 'लोकनाट्य' असे बारसे झाले ते याच काळात. पथकाला पगारपत्रक नव्हते, प्रॉव्हिडंट फंडाची तर गोष्टच सोडा. अशा स्थितीत माणसाने लेखणी धरली तर ती हौस म्हणायची की भाकरी? आणि त्या लेखणीतून १९५९ साली 'फकिरा' आली, जिला १९६१ मध्ये राज्य सरकारचे पारितोषिक मिळाले. अमर शेखांचा 'कलश' हा काव्यसंग्रह १९५८ चा, 'धरतीमाता' १९६३ चा. 'प्रपंच' या १९६१ च्या चित्रपटात त्यांनी भूमिका केली. तक्रार करणाऱ्यांना एवढेच विचारावेसे वाटते की सभेनंतर फिरवलेल्या झोळीत आपण स्वतः किती टाकले होते?

मात्र एक तक्रार खरी आहे आणि ती कोणा माणसाविरुद्ध नाही. ती तबकडीविरुद्ध आहे. जुन्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटे मावत. पोवाडा म्हणजे नुसते गाणे नव्हे. शाहीर चौक म्हणतो, झीलकरी मागून 'जी जी' उचलतात, तेवढ्यात शाहिराला दम मिळतो. मग तो गद्यात बोलतो, त्या दिवशीच्या बातमीला चिमटा काढतो, समोरच्या फौजदारालाही सोडत नाही. हाच भाग रोज बदलतो आणि खरा श्रोता याच भागासाठी दहा कोस चालून येतो. तबकडीने नेमका तोच कापला. ज्यांचे गाणे तीन मिनिटांत बसले ते रेडिओवर टिकले. राजा बढे यांचे महाराष्ट्रगीत श्रीनिवास खळ्यांच्या चालीत शाहीर साबळ्यांनी गायले, ते ध्वनिमुद्रित झाले आणि २०२३ साली राज्यगीत ठरले. साबळे थोरच होते, त्यांच्याविषयी असूया नाही. पण अमर शेखांची कीर्ती लाउडस्पीकरवाचून मैदानाच्या टोकापर्यंत पोहोचणाऱ्या आवाजाची होती, आणि ते टोक कोणत्याही मुद्रणात येत नाही.

अण्णाभाऊ १८ जुलै १९६९ रोजी गेले, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. त्यानंतर बेचाळीस दिवसांनी, २९ ऑगस्टला, इंदापूरजवळ मोटारीच्या अपघातात अमर शेख गेले. ते बावन्न वर्षांचे होते. मी आज त्यांच्याहून मोठा आहे आणि त्यांना मी एकदाही ऐकलेले नाही, कारण माझा जन्मच नंतरचा.

म्हणून काही वर्षांपूर्वी एका कामगाराच्या घरी अमर शेखांच्या सभेची कॅसेट आहे, असे समजले तेव्हा मी मामांना आणि जॉबरला घेऊन गेलो. कोणीतरी जुन्या स्पूलवरून ती उतरवून घेतली होती. सुरुवातीला गर्दीचा गलबला, डफ शेकून कोणी टिचकी मारून पाहतो आहे, "बसून घ्या, बसून घ्या" असा पुकारा. मग एक खाकरणे. आम्ही तिघेही पुढे वाकलो. आणि तेथून पुढे थेट एका लग्नातल्या बँडचा आवाज. घरातल्या पोराने त्याच फितीवर वरातीचे मुद्रण केले होते. घरधनी बिचारा ओशाळला.

आम्ही ती दोन मिनिटे चार वेळा ऐकली. मामा म्हणाले, खाकरणे अमर शेखांचेच. जॉबर म्हणाला, छे, तो झीलकरी. परत येताना रिक्षात तेच चालले होते आणि भगवंत मंदिरापाशी उतरतानाही संपले नव्हते.