माँटगोमेरीची बस

शहराचा इतिहास आपण नगरपालिकेच्या दप्तरात शोधतो; पण पुष्कळदा तो बसच्या बाकावर घडत असतो. अमेरिकेतील अलाबामा राज्याची राजधानी माँटगोमेरी हिचेच उदाहरण घ्या. तेथील बसच्या उतारूंपैकी सुमारे तीनचतुर्थांश कृष्णवर्णीय. तरीही पुढच्या दाराशी पैसे द्यावयाचे, उतरून मागल्या दाराने चढावयाचे, हा अपमान त्यांच्या वाट्यास नित्याचा.

21 मे 1954 रोजी प्राध्यापिका जो ॲन रॉबिन्सन यांनी स्त्रियांच्या एका संघटनेतर्फे महापौर गेल यांस पत्र लिहिले. मागण्या तीनच : गोऱ्यांनी पुढून व कृष्णवर्णीयांनी मागून जागा भरत याव्यात, मागल्या दाराची सक्ती नसावी, कृष्णवर्णीयांच्या वस्तीतही गाडी प्रत्येक कोपऱ्यावर थांबावी. भेदाचा कायदाच मोडा, असे त्यांत म्हटले नव्हते! तरी बसण्याची रीत बदलली नाही.

1 डिसेंबर 1955 रोजी शिवणकाम करणाऱ्या रोझा पार्क्स जागेवरून उठल्या नाहीत; त्यांना अटक झाली. 5 डिसेंबरपासून बहिष्कार सुरू झाला. तो 381 दिवस टिकला. मोलकरणी कामावर पायी जात; कित्येकांना सामाईक मोटारींचा आधार असे. 13 नोव्हेंबर 1956 रोजी स्थानिक न्यायालयाने त्या मोटारींवर बंदी घातली. नेमक्या त्याच दिवशी बसमधील वर्णभेद घटनाबाह्य असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने कायम केला.

थोडे देण्याचे ज्यांनी नाकारले, त्या नगरपित्यांच्या हातून अखेर सारा कायदाच गेला.