इंग्रजीचे काळ : मठातील शाळेपासून

आपल्या घरांतील मुले इंग्रजीचे बारा काळ पाढ्यांसारखे पाठ करतात आणि बोलण्याची वेळ आली की अडखळतात. वास्तविक, हे बारा खणांचे कपाट इंग्रजीच्या घरी मुळात नव्हतेच. क्रियापदाच्या रूपापुरते पाहिले तर त्या भाषेचे काळ दोनच : वर्तमान आणि भूत.

ही उणीव जाणवली ती ॲल्फ्रिक नावाच्या बेनेडिक्टाइन मठवाश्याला. विंचेस्टर येथे शिकलेला हा विद्वान दक्षिण इंग्लंडमधील सर्न येथील मठात शिकवीत असे. इ. स. १००० च्या सुमारास त्याने लहान मुलांसाठी लॅटिनचे व्याकरण इंग्रजीत लिहिले. लॅटिनमध्ये ‘उभा राहीन’ याला स्वतंत्र रूप आहे. इंग्रजीत ते कोठून आणावे? ॲल्फ्रिकने वर्तमानकाळाचेच रूप ठेवले व पुढे ‘आत्ता किंवा कधीतरी’ अशा अर्थाचे शब्द जोडले. भूतकाळाच्या छटाही त्याने ‘पुरता’, ‘पूर्वीच’ अशा शब्दांनी भागविल्या. यात नवल ते काय? आपणही ‘मी उद्या येतो’ म्हणतोच की! आणि अजून निघालेलो नसताना ‘आलोच’ म्हणतो, ते वेगळेच.

पुढे ‘विल’ आणि ‘शॅल’ मदतीस आले. ‘विल’चा मूळ अर्थ इच्छा असणे, ‘शॅल’चा देणे लागणे, बांधील असणे. इच्छा आणि ऋण यांतून एखाद्या भाषेचा भविष्यकाळ घडावा, हे मला मोठे अर्थपूर्ण वाटते. जॉन वॉलिस या गणितज्ञाने १६५३ मध्ये नियम सांगितला की, प्रथमपुरुषी ‘शॅल’ म्हणजे नुसते भाकीत आणि ‘विल’ म्हणजे वचन किंवा धमकी. इतर पुरुषी याच्या उलट. हा नियम पिढ्यान्‌पिढ्या घोकविला गेला. आज बोलण्यात तो क्वचितच आढळतो. १७९५ मध्ये लिंडली मरेने सहा काळ मांडले, तेही लॅटिनच्याच साच्यात.

खरी गोम आहे ती ‘हॅव’मध्ये. हॅव म्हणजे जवळ असणे. ‘लिहिलेले पत्र माझ्याजवळ आहे’ या अर्थाच्या जुन्या वाक्यरचनेतूनच ‘मी पत्र लिहिले आहे’ हा काळ निघाला. म्हणजे क्रिया मागे घडली तरी बोलणाऱ्याची नजर आजवर खिळलेली असते. म्हणून त्या वाक्यात ‘येस्टरडे’ बसत नाही. मराठीत मात्र ‘मी कालच पत्र लिहिले आहे’ हे बिनदिक्कत चालते, आणि आपली मुले चुकतात ती नेमकी येथेच. अशा वेळी काळाचे नाव विचारण्याऐवजी ‘ते पत्र आता कुठे आहे?’ एवढेच त्यांना विचारून पाहावे.